आपत्तीनंतरच्या वैद्यकीय पथकासाठी सामानाची तयारी: नव्यांसाठी मार्गदर्शक

आपत्तीची बातमी आली की काही तासांतच औषधे गोळा व्हायला लागतात. घरात उरलेल्या गोळ्या, दवाखान्यात नमुना म्हणून आलेल्या पट्ट्या, अर्धी संपलेली सिरपची बाटली. देणाऱ्याची भावना खरी असते, पण पथकाच्या तयारीची याहून वाईट सुरुवात नाही. १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य येऊन पडले. त्यात नेमके काय आहे हे कळायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के औषधे पोहोचतानाच मुदतबाह्य होती, ४ टक्के गोठून वाया गेली, आणि उरलेल्यांपैकी जेमतेम ३० टक्के सहज ओळखता येत होती. बहुतेकांवर फक्त कंपनीचे ब्रँडनाव होते.

तुम्ही नेलेली प्रत्येक वस्तू तिथे कुणाला तरी उतरवावी, शोधावी, सांभाळावी आणि शेवटी नष्ट करावी लागते. ते 'कुणीतरी' म्हणजे बहुधा स्वतःचे घर गमावलेला आरोग्य कर्मचारी असतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत 'आणखी काय घेऊ' यापेक्षा 'काय घ्यायचे नाही' हा प्रश्न मोठा आहे.

पायरी १: निघण्याआधी विचारा

कुणी बोलावल्याशिवाय निघू नका. आपत्तीग्रस्त भागातल्या आरोग्य खात्याशी, किंवा पथकांचे समन्वय करणाऱ्या केंद्राशी बोलून नोंदणी करा. जागतिक आरोग्य संघटनेने अशा आपत्कालीन वैद्यकीय पथकांचे प्रकार ठरवले आहेत. 'प्रकार १ फिरते' पथक दिवसाला किमान ५० बाह्यरुग्ण पाहू शकले पाहिजे, 'प्रकार १ स्थिर' पथक किमान १००. 'प्रकार २' मध्ये शस्त्रक्रिया आणि किमान २० खाटा येतात. नवख्या स्वयंसेवी गटाने पहिल्या प्रकाराच्या पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रियेचे सामान नेणे सोपे. त्यामागची भूल, निर्जंतुकीकरण, रक्त आणि नंतरची शुश्रूषा उभी करणे फार वेगळे काम आहे.

फोनवर विचारायचे प्रश्न आधी लिहून ठेवा. जवळचे कोणते रुग्णालय चालू आहे आणि रुग्ण तिथे पाठवायचा कसा? वीज आणि पाणी आहे का? तिथे कोणती उपचारपद्धती पाळतात, म्हणजे जुलाबाला, न्यूमोनियाला, मलेरियाला पहिले औषध कोणते? रुग्ण कोणती भाषा बोलतात? आणि तिथल्या औषध दुकानांत काय मिळते आहे? शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. तीस किलोमीटरवरच्या गावात दुकाने उघडी असतील तर सलाइनच्या बाटल्या इथून वाहून नेण्यात काही अर्थ नाही.

पायरी २: आपत्ती कोणती, आणि तुम्ही कितव्या दिवशी पोहोचणार

सामानाची यादी आपत्तीच्या प्रकारावर ठरते, आणि त्याहून जास्त ती तुम्ही कधी पोहोचता यावर ठरते. भूकंपात ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसांचा जीव पहिल्या दोन-तीन दिवसांत वाचतो किंवा जातो, आणि ते काम मुख्यतः स्थानिक लोकच करतात. बाहेरचे पथक पोहोचेपर्यंत समोर येतात त्या चिघळलेल्या जखमा, घाईत टाके घालून पू झालेल्या जखमा, आणि रक्तदाब, मधुमेह, दमा, अपस्मार यांची औषधे ढिगाऱ्यात गेलेले रुग्ण. हा शेवटचा गट नवख्यांच्या यादीत नसतोच. अपस्माराची गोळी अचानक बंद झाली तर झटके परततात. इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाकडे फार दिवस नसतात.

पुरात मोठ्या जखमा त्या मानाने कमी असतात. तिथे जुलाब, त्वचेचे बुरशीजन्य आजार, खरूज, ताप, लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार), आणि पाण्याने बिळातून बाहेर काढलेल्या सापांचे दंश. वादळानंतर जखमा होतात त्या बऱ्याचदा साफसफाई करताना, म्हणजे पत्रा कापला, खिळा रुतला, छप्पर दुरुस्त करताना पडला. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात धनुर्वाताचे १०६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले २० दगावले. धनुर्वाताची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) मिळेल का, आणि ती थंड ठेवता येईल का, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

आपत्ती कोणतीही असो, बाळंतपणे थांबत नाहीत. स्वच्छ प्रसूतीचे काही संच घ्या: प्लास्टिकची चादर, साबण, नाळ बांधायला दोरा, नवे ब्लेड, हातमोजे, बाळाला गुंडाळायला कापड.

पायरी ३: यादी छोटी करा

कोऱ्या कागदावरून सुरू करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीवरून सुरू करा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था वापरतात तो आंतरसंस्था आपत्कालीन आरोग्य संच १०,००० लोकांना सुमारे तीन महिने पुरावा अशा हिशेबाने बांधलेला असतो, आणि त्याचे मूलभूत भाग प्रत्येकी १,००० लोकांसाठी असतात. तो तुम्हाला न्यायचा नाही, पण त्यात काय आहे आणि काय नाही हे पाहण्यासारखे आहे. त्यात हौसेला जागा नाही.

नियम एकच ठेवा: एका कामाला एक औषध. वेदना आणि तापासाठी पॅरासिटामॉल, सुजेसाठी आयबुप्रोफेन. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल, आणि तिथल्या उपचारपद्धतीत असेल ते एखादे इंजेक्शन, एवढ्या प्रतिजैविकांवर प्रकार १ चे बहुतेक काम भागते. पथकातले चार डॉक्टर आपापल्या सवयीचे औषध सुचवतील. नम्रपणे ऐका आणि त्यातले एकच ठेवा. रात्री आठला, डोक्याला बांधलेल्या टॉर्चच्या उजेडात औषध देणाऱ्याला एकाच कामाच्या चार गोळ्या समोर असणे ही चुकीला नेमके आमंत्रण आहे.

यादीत ओआरएस आणि मुलांसाठी झिंक हवेच. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम झिंक १० ते १४ दिवस देतात. त्याशिवाय दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा इनहेलर स्पेसरसह (इनहेलरला जोडायची नळी), अ‍ॅड्रेनालिन, खरजेसाठी पर्मेथ्रिन, बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोल, रक्तदाबासाठी अम्लोडिपिन, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन, अपस्मारावरचे एखादे औषध. मुलांसाठी सिरपऐवजी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या घ्या. काचेची बाटली फुटते, जड असते, आणि पावडरच्या सिरपमध्ये घालायला शुद्ध पाणी लागते, जे रुग्णाच्या तंबूत नसते.

ओआरएसबद्दल एक सूचना. एक लिटरचे पाकीट २०.५ ग्रॅमचे असते, पण बाजारात एका पेल्यात मिसळायची छोटी पाकिटेही असतात. दोन्ही एकाच खोक्यात कधीही ठेवू नका. लिटरचे पाकीट पेल्यात मिसळून पाजले तर बाळाच्या रक्तातले मीठ धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. एकाच मापाची पाकिटे घ्या आणि सोबत लिटरची खूण असलेली भांडी न्या.

जखमांच्या सामानात बहुतेकांचा हिशेब उलटा असतो. टाक्यांचा धागा भरपूर, गॉज (जखमेवर ठेवायचे जाळीदार कापड) थोडा. आपत्तीत मातीने भरलेली, कित्येक तास उघडी राहिलेली जखम लगेच शिवायची नसते. ती धुवायची, मेलेला भाग काढायचा, ओलसर गॉज ठेवून झाकायची आणि दोन ते पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर शिवायची. म्हणजे प्रत्येक जखम पुन्हा येते. धागा निम्मा करा, गॉज आणि बँडेज दुप्पट करा.

पायरी ४: आकडेमोड

समजा, तुमचे स्थिर पथक सात दिवस राहणार आहे आणि दिवसाला १०० रुग्ण पाहणार आहे. एकूण ७००. आता प्रत्येक आजाराचा वाटा अंदाजाने धरायचा. खालचे वाटे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही तिथल्या लोकांना विचारून ठरवा.

ताप आणि अंगदुखीसाठी ४० टक्के मोठी माणसे धरली तर २८० जण. प्रत्येकी १५ गोळ्या म्हणजे ४,२००. त्यात चौथा हिस्सा राखीव धरून ५,२५०. सोपे आहे.

जखमांचा हिशेब जास्त रंजक. २० टक्के धरले तर १४० जखमा. प्रत्येक जखमेचे सरासरी तीन वेळा ड्रेसिंग, म्हणजे ४२०. प्रत्येक ड्रेसिंगला हातमोज्यांच्या दोन जोड्या, एक जुने काढायला आणि एक नवे बांधायला. झाल्या ८४० जोड्या, १,६८० हातमोजे, शंभरांचे १७ खोके. राखीव धरून २१. इथे पहिल्यांदा लक्षात येते की पथकाची जागा औषधे खात नाहीत, हातमोजे आणि गॉज खातात.

आता धुण्याचे पाणी. एका ड्रेसिंगला अर्धा लिटर धरले तरी २१० लिटर. ते सलाइनच्या बाटल्यांत नेले तर २०० किलोहून जास्त वजन. पण साधी जखम धुवायला पिण्यायोग्य पाणी पुरते, त्याने जंतुसंसर्ग वाढत नाही. म्हणून पाणी शुद्ध करायचे साधन आणि क्लोरीन न्या, पाणी तिथेच तयार करा. सलाइन आणि रिंगर लॅक्टेट शिरेतून द्यायला ठेवा, आणि तेही मोजून. जुलाबाच्या ७० रुग्णांना ओआरएसची प्रत्येकी चार पाकिटे दिली तर २८० पाकिटांचे वजन सहा किलोच्या आत बसते. तेवढेच द्रव बाटल्यांतून नेऊ म्हटले तर २८० किलोहून जास्त वजन होईल.

हे सगळे एका तक्त्यात मांडा: औषधाचे मूळ नाव, ताकद, रूप, एकूण नग, बॅच, मुदत, खोक्याचा क्रमांक. हाच तक्ता पुढे खरेदीला, सीमेवर आणि औषधे परत देताना कामाला येतो, त्यामुळे तो एकदाच नीट करा.

पायरी ५: खरेदी आणि मुदत

मान्यताप्राप्त विक्रेत्याकडून, बिलासह, मूळ वेष्टनात. नमुने नाहीत, परत आलेली औषधे नाहीत, सुट्या गोळ्या नाहीत. दान दिलेली औषधे पोहोचतील तेव्हा त्यांची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 'आम्ही तर आठवड्यात परत येणार' म्हणून दोन महिन्यांची मुदत उरलेला स्वस्त माल घेऊ नका. उरलेले तुम्ही तिथेच ठेवून येणार आहात, तेव्हा ते दानच झाले. नावे तिथल्या कर्मचाऱ्याला वाचता येतील अशा भाषेत आणि मूळ नावाने असावीत.

रक्तातली साखर मोजायचे ग्लुकोमीटर दोन घ्या, पण एकाच मॉडेलचे. एकाच्या पट्ट्या दुसऱ्यात चालत नाहीत, आणि पट्ट्या उष्णतेने खराब होतात. रक्तदाब मोजायला हाताने चालणारे यंत्र ठेवा. बॅटरीवर चालणारे सगळे शक्यतो एकाच मापाच्या सेलवर चालणारे निवडा.

पायरी ६: कोल्ड चेन, म्हणजे औषधे वाटेत आणि तिथे थंड ठेवणे

धनुर्वाताची लस, इन्सुलिनचा साठा आणि ऑक्सिटोसिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे औषध) २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. लोकांना उष्णतेची भीती वाटते, पण धनुर्वाताची लस गोठल्यानेही निकामी होते, आणि बर्फाला टेकून ठेवलेली कुपी सहज गोठते. फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवा, मगच पेटीत टाका. पेटीत थर्मामीटर ठेवा, दिवसातून दोनदा तापमान लिहा, आणि तिची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा. सगळ्यांची जबाबदारी ठेवलेली पेटी दुपारी उन्हात सापडते. आइसपॅक पुन्हा गोठवायला तिथे काहीच सोय नसेल तर ही औषधे नेऊ नका. लसीकरण चालू असलेल्या जवळच्या केंद्राशी जोडून घ्या. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी सावलीत, साधारण खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकते, तेव्हा थोडे इन्सुलिन जवळ ठेवणे शक्य आहे.

बाकीच्या गोळ्यांनाही बंद गाडीतले ऊन सोसत नाही. वाटेत जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा.

पायरी ७: बांधणी

इथे वेळ द्या. बाकी सगळे बरोबर असून बांधणी चुकली तर पहिला दिवस वाया जातो.

झाकणाचे, एकावर एक रचता येणारे प्लास्टिकचे क्रेट घ्या. प्रत्येकाचे वजन २० ते २५ किलोपेक्षा जास्त नको, कारण तिथे ते हातानेच उचलायचे आहेत, कदाचित चिखलातून. प्रत्येक खोक्याला चारही बाजूंनी आणि झाकणावर क्रमांक लिहा. आतली यादी झाकणाच्या आत चिकटवा, दुसरी प्रत पथकप्रमुखाकडे, तिसरी फोनमध्ये. यादी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पाऊस येतोच.

खोकी औषधांच्या वर्णानुक्रमाने भरू नका, कामाप्रमाणे भरा: नोंदणी, तपासणी, ड्रेसिंग, मुलांचे, प्रसूती, औषधवाटप. त्यामुळे प्रत्येक टेबलाजवळ त्याचे त्याचे खोके जाते आणि कुणी कुणाच्या खोक्यात हात घालत नाही. शिवाय एक 'पहिल्या तासाचे खोके' वेगळे करा. त्यात हातमोजे, अ‍ॅड्रेनालिन, ओआरएस, थोडे ड्रेसिंग, रक्तदाबाचे यंत्र, टॉर्च, पेन, दोरी, ताडपत्री. हे सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे सगळ्यात आधी निघेल. बाकीचे सामान वाटेत अडकले तरी या एका खोक्यावर काम सुरू करता आले पाहिजे. ज्या वस्तूशिवाय चालणारच नाही ती दोन वेगवेगळ्या खोक्यांत विभागून ठेवा.

औषधवाटपाच्या खोक्यात छोटी कागदी पाकिटे हवीत, त्यांवर सूर्य आणि चंद्राची चित्रे. वाचता न येणाऱ्या रुग्णाला सकाळी किती, रात्री किती हे त्यावरून दाखवता येते. पेन वाटते त्यापेक्षा जास्त घ्या. पेन हरवण्याचा वेग कोणत्याही औषधाच्या खपापेक्षा जास्त असतो.

बांधून झाले की अंगणात किंवा एखाद्या मोकळ्या जागी सगळे उघडून तंबू लावा, टेबले मांडा. पथकातल्या ज्या माणसाने बांधणी केलेली नाही त्याला एखादी वस्तू शोधायला सांगा. अर्ध्या मिनिटात सापडली नाही तर त्या माणसाचा दोष नाही, खोके पुन्हा लावा.

पायरी ८: कागद आणि प्रवास

तीव्र वेदनांवरचे मॉर्फीन आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली येते, झटक्यांवरचे डायझेपामही. ती सीमेपलीकडे न्यायला दोन्हीकडची परवानगी लागते आणि ती एका दिवसात मिळेलच असे नाही. भुलीच्या केटामिनवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण नाही, पण अनेक देशांचे स्वतःचे नियम आहेत. शंका असेल तर ही औषधे यादीतून काढा आणि त्यांची सोय तिथल्या रुग्णालयाकडून करा. डॉक्टर आणि परिचारिकांच्या नोंदणीपत्रांच्या प्रती, सामानाचा तक्ता आणि निमंत्रणाचे पत्र एकाच फायलीत ठेवा.

विमानाने जाणार असाल तर ऑक्सिजनचे सिलिंडर, जनरेटरचे इंधन आणि स्वयंपाकाचा गॅस विसरा. अल्कोहोलचे सॅनिटायझर ज्वलनशील माल मानले जाते, मोठा साठा तसाच चढवता येत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा वेगळ्या परवानगीशिवाय चालते.

पथकाचे स्वतःचे पोट, पाणी आणि शौचालय

तिथल्या लोकांच्या तुटपुंज्या अन्नातून आणि पाण्यातून पथकाने वाटा घ्यायचा नाही. तंबू, जेवण, पाणी, मच्छरदाण्या, स्वतःची नेहमीची औषधे, सगळे सोबत. फक्त पिण्याला आणि जेवणाला माणशी दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी धरा. धुण्या-आंघोळीसकट किमान १५ लिटर. दवाखान्याला प्रत्येक बाह्यरुग्णामागे सुमारे पाच लिटर वेगळे, म्हणजे १०० रुग्णांना ५०० लिटर. निघण्याआधी सगळ्यांनी धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी च्या लशी पूर्ण केलेल्या असाव्यात. सुई टोचल्यास द्यायची एचआयव्हीप्रतिबंधक औषधे सोबत असावीत. ती शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

शौचालयाचे नियोजन ही किरकोळ बाब नव्हे. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये, भूकंपानंतर नऊ महिन्यांनी, कॉलरा पसरला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका तळाचे सांडपाणी नदीच्या खोऱ्यात गेल्याने. हजारो माणसे गेली.

कचरा आणि उरलेले सामान

सुया टाकायला न टोचणारे डबे घ्या, ते तीन चतुर्थांश भरले की बंद करा. सुई वापरल्यावर टोपण परत लावायचे नाही, हे पथकातल्या हौशी मदतनिसांना आधीच सांगा. भरलेले डबे आणि रक्ताचे ड्रेसिंग कुठे नष्ट करणार हे पहिल्या फोनमध्येच विचारा. उत्तर 'इथे सोय नाही' असे आले तर ते परत आणण्यासाठी रिकामी, घट्ट झाकणाची खोकी सोबत ठेवा.

शेवटच्या दिवशी साठा मोजा, तक्ता अद्ययावत करा आणि उरलेली औषधे स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती, सही घेऊन द्या. त्यांना नको असेल ते परत आणा. तिथे उपचार चालू ठेवायच्या रुग्णांची यादी, विशेषतः ड्रेसिंगवाले आणि इन्सुलिनवाले, त्याच वेळी सोपवा. परत आल्यावर आठवडाभरात तक्त्याला एक रकाना वाढवा: नेले किती, वापरले किती. पुढच्या वेळी चौथ्या पायरीतले अंदाजाचे वाटे त्या रकान्यातून घ्या.